मोहाचा अर्धा वाटा

आमच्या गावात मोहाची झाडं घराघरांत वाटलेली आहेत. कुणी बाहेरगावी असला, तर त्याच्या झाडाखालची फुलं शेजारी वेचतो आणि अर्धी त्याच्या माणसांकडे पोचवतो. यावरून भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही, आणि आमचं गाव भांडायला कमी नाही.

मी गाव सोडलं ते चहापायी. चामोर्शीहून परतताना बस बिघडली. समोर पोलिसांची चौकी होती, ओळखीच्या शिपायानं चहा पाजला. फुकटचा म्हणून मी दोनदा घेतला. गावात बातमी माझ्याआधी पोचली, हा खबरी झाला. जंगलातले बंदूकवाले खबऱ्याचं काय करतात हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मोठ्या बहिणीला मी बाई म्हणतो. तिनं मला गावाबाहेरच गाठलं. "इथूनच पलट. घरी येऊ नको."

तेव्हापासून चामोर्शीत भाड्याच्या खोलीत राहतो. एकट्यापुरता भात मला अजून शिजवता येत नाही, रोज उरतो. इथेच राहायला सरकारनं जागा द्यावी म्हणून अर्ज केला. कचेरीतला बाबू म्हणाला, "भाऊ, जिवाले धोका आहे याचा पुरावा पाह्यजे. चिठ्ठी-बिठ्ठी आली का?"

मारणारे काय पावती देतात? हे मनातल्या मनात. तोंडानं म्हणालो, "नाई, साहेब."

मोहाचा हंगाम सरल्यावर बाई आठवडी बाजारात आली. ओळख न दाखवता माझ्या शेजारी बसून वांगी निवडत राहिली. "तुया झाडाखाली कोणी पाय नाई ठेवला. फुलं सडून राह्यले. समदे भेऊन आहेत."

मी बाबूला तेच सांगितलं. शेजारी माझ्या फुलांनाही हात लावत नाहीत, मग मी परत कसा जाऊ? तो हसला नाही. त्यानं ते लिहून घेतलं, चौकशी झाली आणि जागा मंजूर झाली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून घरमालकिणीच्या म्हशीला सांगितलं.

पण जागा मिळाली तरी मी वाट पाहत होतो ती पुढच्या मोहाची. कुणी माझी फुलं वेचली, म्हणजे भीती गेली, म्हणजे मला घरी जाता येईल, असा माझा हिशोब होता.

यंदा बाई बाजारात आली ती सरळ माझ्यासमोर येऊन बसली.

"वेचले तुये फुलं. आता कोणी भेत नाई."

माझा जीव भांड्यात पडला. मी हातातली पिशवी उघडून तिच्यापुढे धरली. "माया अर्धा वाटा?"

ती पिशवीकडेच बघत राहिली.

"सारे शेजाऱ्यायनंच ठेवले. मी वाटा मांगाले गेली होती. त म्हणे, त्याचे अर्धे काऊन? तो आता इथचा आहे कुठी?"