खांबाएवढी उंची

इंद्रभानच्या शेताच्या बांधावर एक खांब उभा आहे. त्याच्यावर तार नाही. विजेची लाइन रस्त्याच्या कडेने वळवली तेव्हा तारा काढून नेल्या, खांब तसाच राहिला. सोनाळ्यातली माणसं त्याला मेला खांब म्हणतात. इंद्रभान म्हणत नाही. तो चढायला याच खांबावर शिकला.

सव्वीस वर्षं तो लाइनमन होता. वरून काय दिसायचं ते तो अजून सांगतो, आणि सांगताना आवाज खाली आणतो. उत्तरेला सातपुडा, खालून निळा, वरून राखाडी, एकावर एक घड्या घातलेल्या घोंगड्यांसारखा. कपाशीचे तुकडे. वाळत घातलेली लुगडी. अंगण झाडणारी एखादी बाई. तिला तोंड नाही, फक्त भांग.

चढण्याचा एक कायदा होता. एकट्याने चढायचं नाही, खाली माणूस हवा. टोकाला पोचलं की वरून विचारायचं, "खाली कोन हाय?" खालचा म्हणायचा, "मी हाय." मगच कामाला हात. बहुतेक वर्षं तो खालचा माणूस गोविंदा असे. दुसरा कायदा त्याहून लहान होता: काही बिनसलं की आधी सप्लाय बंद, विचार नंतर.

सहा वर्षांपूर्वी एका दुपारी ठिणगी उडाली आणि उजव्या डोळ्यातला उजेड गेला. तार बोटाजवळ आहे की हातभर लांब, हे कळायला दोन डोळे लागतात. त्याला तक्रारी लिहून घेण्याच्या टेबलावर बसवलं, तिथूनच तो निवृत्त झाला. तेव्हापासून तो जमिनीवर आहे.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत त्याची भाची मयुरी आली. ती इंजिनिअरिंगला आहे. तिच्या पिशवीत तिने स्वतः वर्षभर खपून जोडलेला एफपीव्ही ड्रोन होता. डोळ्यांवर खोक्यासारखा गॉगल चढवायचा, आणि ड्रोनच्या नाकावरचा कॅमेरा जे बघतो ते आपण बघायचं. तिने मामाला आपलं एक जुनं उड्डाण गॉगलमध्ये दाखवलं. ते संपलं तरी तो गॉगल काढेना.

"अहो, संपलं ना थे?" बायको जयमाला म्हणाली. "काऊन बसले तसे?"

"थांब वं. उतरून राह्यलो."

संध्याकाळी तो भाचीला म्हणाला, "मले एक घ्याचा हाय."

"मामा, लग्नाच्या शूटिंगवाला घ्या. रिमोट सोडलं तरी हवेत उभा राह्यते. कायी करा लागत नाही."

"उभंच राह्याचं तं खांब काय वाईट व्हता? मले जाचं हाय."

मयुरीने लॅपटॉपवर सिम्युलेटर लावून दिला. "आधी यात पडा. पोटभर पडा." तो आठ दिवस पडत राहिला. पडद्यावरचा ड्रोन जरा कलला की त्याचं बोट मोटर बंद करायच्या बटणावर जायचं.

"मामा, हवेत सप्लाय बंद करते का कोनी?"

"आमी जिंदगीभर तेच केलं पोरी."

मग निवडायची वेळ आली. तिने मोबाइलवर दोन दाखवले. एक तळहाताएवढा, पात्यांभोवती प्लास्टिकची कडी असलेला. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं ती म्हणाली. दुसरा तिच्या स्वतःच्या ड्रोनसारखा, पाच इंची पात्यांचा, उघडा, काळा. इंद्रभानने लहानग्याकडे पाहून मान हलवली. "हे तं चिमनीचं पिल्लू. हलकं थे फसवं असते." आयुष्यभर जीव ज्या वस्तूंवर टांगला, त्या सगळ्या जड होत्या. पट्टा, पक्कड, खुद्द खांब.

"मंग आधी माह्या उडवून पाहा," मयुरी म्हणाली.

सोयाबीन निघालेलं रान मोकळं पडलं होतं. गॉगल चढवला, आणि ढेकळं मागे पळू लागली. कडुनिंबाच्या शेंड्याशी तो पोचला. मयुरी शेजारी उभी राहून वर बघत होती, गप्प. तेवढ्यात ड्रोन कलला, आकाश खाली आलं, आणि बोट बटणावर गेलं.

आवाज थांबला. जमीन वर येताना दिसली. मग नुसते पांढरे ठिपके.

ड्रोनचा एक हात मुळापासून तुटला होता. मयुरी ढेकळांतून स्क्रू वेचत राहिली. इंद्रभानने गॉगल मांडीवर ठेवला.

"राहू दे पोरी. डोयाच नाही, तं उडून काय करतं?"

तिने हातातले स्क्रू खिशात घातले आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. "कॅमेरा किती हायेत त्याले?"

"एक."

"मंग? दोन्ही डोळ्यांले तेच एक चित्र. गॉगल घातला की मीबी एकाच डोळ्याची होते. अंतर मलेबी कयत नाही. झाड केवढं होऊन राह्यलं, त्याच्यावरून अंदाज धरते. तुमचा डोळा नाही चुकला, मामा. हात चुकला."

त्याने आपला हात उलटसुलट करून पाहिला. डोळ्याला काही शिकवता येत नाही. हाताला येतं.

"पडूनबी मोडत नाही, तो कोनता?"

"चिमनीचं पिल्लू."

"तोच मागव."

आठवड्याने खोकं आलं. लहान ड्रोन, रिमोट, गॉगल आणि चार बॅटऱ्या. एक बॅटरी जेमतेम तीन मिनिटं चालते, असं मयुरीने फोनवर सांगितलं तेव्हा तो हसला. "खांबावर जाऊन याले पुरते." चालू तारांजवळ उडवू नका, हे ती सांगायला गेली, तर तो म्हणाला, "हे तू मले सांगतं?" शेवटी तिने बजावलं, गॉगल घातलेला माणूस आंधळा असतो, जवळ बघणारं कोणीतरी हवंच.

पुढचे दोन महिने पिल्लू पडत राहिलं. तुळईला धडकलं, कापसाच्या ढिगात रुतलं, पिठाच्या डब्यात गेलं. "तुमच्या चिमनीनं माह्या कोंबड्या बिथरवल्या," जयमाला म्हणायची. "अंडी आता तिलेच घालाले सांगा." ड्रोनला काही होत नसे. बोट मात्र सुधारत नव्हतं. कलला की बंद.

जानेवारीतल्या एका सकाळी वारा अजिबात नव्हता. बांधावर दव होतं. मेल्या खांबापासून वीस पावलांवर त्याने खुर्ची टाकली. बघणारं माणूस म्हणून जयमाला शेजारी उभी राहिली, हातातलं काम तसंच घेऊन आलेली, ओंजळीत शेंगा.

तो वर निघाला. खांब समोरून सरकू लागला. गंज. रंगवलेला नंबर, अर्धा पुसलेला. जिथे पट्टा घासायचा तिथली गुळगुळीत जागा, की त्याला तसं वाटलं. मग आडवी पट्टी, तिच्यावर काड्यांचं रिकामं घरटं. आणि टोक. टोकापलीकडे सातपुडा राखाडी, घड्या घातलेला, जसाच्या तसा.

तिथे तो कलला. डोंगर तिरपे झाले, आकाश सांडू लागलं, बोट बटणाला टेकलं.

तोंड आपोआप उघडलं. "खाली कोन हाय?"

हा प्रश्न जयमालाने ऐकला होता, पण दुसऱ्याला विचारलेला. भाकरी घेऊन आलेली ती लांब झाडाखाली थांबायची, आणि उत्तर गोविंदा द्यायचा. तिने ओंजळ पदरात रिकामी केली.

"मी हाय."

बोट बटणावरून उठलं. आकाश आपल्या जागी गेलं. ड्रोन टोकाशी गुणगुणत राहिला. मग इंद्रभानने त्याला मागे घेतलं आणि नाक हळूच खाली वळवलं.

खाली खुर्चीवर एक माणूस बसला होता, पिकलेल्या केसांचा, तोंडावर काळं खोकं. त्याच्याजवळ एक बाई उभी होती. तिने कपाळावर हात धरून वर पाहिलं, आणि या वेळी तिला तोंड होतं.