घारीची वकील

आमच्या बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, जन्मभर कोंबड्या पाळल्या, पण घारीला कधी शिवी दिली नाही. आमच्या कारधा गावात हे नवलच होतं. घारीनं पिल्लू नेलं की बाकीच्या बाया आभाळाकडे तोंड करून तिचा वंश बुडवायच्या. ही माझ्यावर यायची. "पिल्लं झाकाले डालं कायले आणलं घरी? पिल्लं उघडी तुमी सोडली. तिले का पोट नाई?"

शिक्षण तिचं माझ्याएवढंच, सहीपुरतं. पण कोंबडी आपली आणि घार कोणाच्याच बापाची नाही, हे तिचं पक्कं होतं. नदीकडच्या काटेसावरीवर घारींचं घरटं होतं. हातातलं काम टाकून ती तिकडे बघत राहायची आणि मी भाजी करपली म्हणून बोंबलायचो.

एका उन्हाळ्यात आठवड्यात चार पिल्लं गेली. माझं डोकं फिरलं. वरठीकडचा एक जण छऱ्याच्या बंदुकीनं पाखरं मारत फिरायचा. बुढीला न सांगता मी त्याला बोलावलं. चूक माझीच, लपवून काय करू. तो मोटारसायकलवर आला आणि पहिल्याच छऱ्यात घार पंख मोडून आमच्या शेतात, धानाच्या बांधीत पडली.

बुढी धावत आली. घार पदरात गुंडाळली, शेजारणीला वनखात्यात फोन लावायला सांगितला, मग त्याच्या गाडीची चावी काढून चोळीत टाकली.

"काकू, चावी द्या."

"घे ना. घाल हात."

तो लाल झाला. माझ्याकडे बघू लागला. मी खाली बघितलं. भंडाऱ्याहून गार्ड येईपर्यंत ती त्याच गाडीवर मांडीत घार घेऊन बसली होती. बंदूक जप्त झाली. याला बोलावलं कोणी, असं गार्डनं विचारलं. मला वाटलं, नवऱ्याला तरी वाचवेल.

"आमच्या बुढ्यानं. लिवा त्याचं बी नाव."

घरी आल्यावर जेवायला मात्र वेळेवर वाढलं.

घार गार्डनं दवाखान्यात नेली, तिचा पंख जुळला. महिन्याभरानं गार्डनं घार आमच्याच बांधीत आणली. खोकं बुढीनं उघडलं. घार सावरीवर जाऊन बसली, तेव्हा बुढीची मान जी वर झाली ती चार दिवस खाली आली नाही.

मागच्या पौषात बुढी गेली. घर खायला उठतं. कोंबड्या कोणाला दिल्या नाहीत मी. या उन्हाळ्यात सावरीवर परत घरटं झालं आणि दुसरा एक बंदूकवाला माझ्याच अंगणात गाडी लावून झाडाकडे गेला. पाय चालत नाहीत माझे, पण गाडीपर्यंत पोचलो. चावी काढली, गार्डला फोन केला. मला चोळी कुठली? चावी बुढीच्या खुडूक कोंबडीखाली सरकवली. मग त्याला हाक मारली, "तुझी चावी काढून घेतली, ये."

तो बार न काढताच पळत आला. मी कोंबडीकडे बोट दाखवलं.

"काका, कोंबडी उचला ना."

"घे ना. घाल हात."

दोनदा घातला. दोन्ही वेळा रक्त निघालं. गार्ड आला तेव्हा तो बोट चोखत पायरीवर बसला होता.

घरट्यातलं पिल्लू आता नदीवर फिरतं. परवा त्यानं आमचं एक पिल्लू उचललं. डालं झाकायचं मीच विसरलो होतो.