कॅरिअरवरचा मी

माझ्या बालमित्राइतका प्रामाणिक खोटारडा अख्ख्या नाशिक जिल्ह्यात मिळायचा नाही. साठवणीच्या चाळीतला कांदा नुसत्या वासावर पारखणारा मी. पण हा माणूस साठी उलटली तरी मला पारखता आलेला नाही. व्यवहारात इतका खरा, की चहा पाणचट असेल तर घरच्या बाईंना तोंडावर सांगेल आणि वर दुसरा कप मागेल. लिहायला बसला की मात्र सुटला. मुलांसाठी तो आमच्या चांदवडच्या लहानपणाच्या गोष्टी लिहितो. त्यात आमच्या कोरड्या ओढ्याला बारमाही पाणी असतं, आणि पाण्यात सुसर. हटकलं तर म्हणतो, "अरे, पाणीच नसलं तर पोरं पोहतील कुठं?"

"आणि सुसर?"

"एकदा पोहायला लागल्यावर त्यांना बाहेर कसं काढायचं?"

रस्त्यात कुणाचंही मूल थांबवून 'पुढं काय झालं असेल' विचारतो, आणि ते सांगेल ते आमच्या बालपणात घालतो. एका लग्नात नवरदेवाच्या भाच्यानं सुचवलं, म्हणून आमच्या हेडमास्तरांना त्यानं माकड पाळायला लावलं.

सुसर सोसली, माकडही सोसलं. पण नव्या पुस्तकात त्यानं माझी सायकल अक्काला देऊन टाकली. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. ती सायकल मी सुट्टीभर लासलगावला कांदा निवडून, दुकानदाराशी भांडून घेतलेली. पुस्तकात अक्का तिच्यावरून हायस्कूलला जाते आणि मी मागं कॅरिअरवर बसून रडतो. माझी नात मला 'कॅरिअरवाले आजोबा' म्हणायला लागली. मी तडक फोन लावला.

"माझी सायकल परत दे."

"तू चालवलीस की. आता तिला चालवू दे."

"निदान रडणं काढ."

"सायकल सोडतोस?"

"नाही."

"मग रडणं राहील."

भल्याभल्या व्यापाऱ्यांना मी नमवलंय, पण हा बधेना.

मग नाशिकला एका वाचनालयात त्याच्या पुस्तकाचं वाचन ठरलं. चारचौघांत खरं सांगायचंच म्हणून मी नातीला घेऊन गेलो. पहिल्या रांगेत अक्का, नवी साडी नेसून. चौथीनंतर धाकट्या भावंडांपायी तिची शाळा सुटली; सायकलवर ती कधी बसलीसुद्धा नाही. वाचन संपलं तशी एका चिमुरडीनं तिलाच विचारलं, "आजी, खरंच तुमची सायकल होती?"

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी घंटी वाजवत तिच्या अंगणावरून जायचो, तेव्हा भांडी घासता घासता ती अशीच पाहायची.

"तिचीच होती," मी उठून म्हणालो. "पण ब्रेक नव्हते. उतारावर मी मागनं पाय घासून थांबवायचो. म्हणून मी कॅरिअरवर."

पोरं हसली. नात माझ्याकडं बघतच राहिली. मित्र कानाशी आला. "हे झकास आहे. पुढच्या आवृत्तीत घालतो."

"घाल. आणि रडणं काढ."

"काढलं."

तिकडं अक्का त्या चिमुरडीला वळणाआधी घंटी कशी वाजवायची ते सांगत होती. तिचा उजवा अंगठा हवेत सारखा हलत होता. खरी घंटी डाव्या मुठीशी होती.