आलं इतकं कडू नसतं

फोन आला तेव्हा मी दाजीबानपेठेच्या बाजारात श्रीपादच्याच शर्टाचं कापड बघत होते. कॉलेजच्या पायऱ्यांवर पाय घसरला, डोक्याला मार लागला... हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुसऱ्या कुणाचं टेंगळावर भागलं असतं. पण माझ्या या धाकट्या भावाचं रक्त जन्मापासून गोठतच नसे.

लहानपणी तो कट्ट्यावर बसून पोरांचे खेळ बघायचा. सायकलला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा. पुढे विद्यानगरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागला, तरी गुडघे सुजलेले आणि पिशवीत इंजेक्शन असायचंच. तीन वर्षांपूर्वी त्याला जीन थेरपी मिळाली. मला समजावं म्हणून म्हणाला, "अक्का, विषाणूतलं विष काढून त्याला पोस्टमन केलाय बघ. रक्त कसं गोठवायचं त्याची चिठ्ठी तो माझ्या यकृतात टाकणार. पण अंगातली प्रतिकारशक्ती म्हणजे राखणीचं कुत्रं. चिठ्ठी घेतलेल्या घरावरच धावून जातं. गोळ्या देऊन काही महिने त्याला बांधून ठेवायचं, इतकंच की."

चिठ्ठी पोचली. बेचाळिसाव्या वर्षी श्रीपादने सायकल घेतली, शिकला, आणि एकदा चक्क गर्दीच्या कोप्पीकर रोडपर्यंत जाऊन आला. मी दारात उभी राहून रडले.

गोळ्यांनी मात्र त्याचं तोंड सुजलं, सर्दी हटेना. मला राहवेना. कुंपणावरच्या गुळवेलीचा, आमच्याकडच्या अमृतबळ्ळीचा काढा घरात कुणालाच चुकलेला नाही. त्याने हात जोडले, "नको अक्का, त्याने प्रतिकारशक्ती वाढते. बांधलेलं कुत्रं तूच सोडशील." दुसऱ्या दिवशी मी पेला पुढे केला, "नुसतं आलं आहे रे." मग ते रोजचंच झालं. "साकु, पुरे अक्का," म्हणत तो पेला रिकामा करायचा.

पेला सुरू झाल्यापासून तिसऱ्या आठवड्यात रक्ताच्या तपासणीत यकृत बिघडल्याचं दिसलं. "गोळ्यांशिवाय काही घेतलंत?" डॉक्टरांनी विचारलं. श्रीपादने माझ्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "गुळवेलीचा काढा. मीच हट्टाने घेतला." जीवशास्त्राचा मास्तर म्हणून भरपूर बोलणी खाल्ली, मान खाली घालून. गोळ्या वाढवल्या, तरी रक्त हळूहळू पहिल्यासारखंच न गोठणारं झालं. तेच औषध पुन्हा देणंही शक्य नव्हतं; शरीर आता त्या पोस्टमनला ओळखून बसलं होतं. काढ्याशिवायही काहींचं असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या काढ्यानेच झालं का, हे मला कधीच कळणार नाही.

बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "आलं इतकं कडू नसतं, अक्का."

"कळत होतं तर प्यायलास कशाला?"

"तू आलं म्हणालीस ना..."

तो गेला त्याला महिना झाला. वेल मी मुळासकट उपटली, तरी कुंपणावर अडकलेल्या तुकड्यांना पानं फुटतायत. त्याखाली सायकल उभी आहे. सकाळी हात आपोआप पातेल्याकडे जातो. पाणी उकळते, पेला भरते, त्याच्या खुर्चीपुढे ठेवते. आता नुसतं आलंच असतं रे, श्रीपाद. देवाशपथ, नुसतं आलं.