उजेडातला ईस्टर

बाबा गेल्यानंतरचा तो पहिला ईस्टर. आमच्या मूल गावाकडच्या ख्रिस्ती मंडळीत त्या दिवशी अंधारातच कबरस्तानात जमायचं, सूर्य उगवेपर्यंत गाणी म्हणायची आणि वर्षभरात देवाघरी गेलेल्यांची नावं वाचायची, असा रिवाज आहे. आई महिनाभर त्या पहाटेची वाट पाहत होती. बाबांचं नाव तिला तिथेच, त्याच वेळी ऐकायचं होतं.

पण दोन आठवडे आधी कबरस्तानामागच्या जंगलात वाघानं एका बाईला मारलं. शेजारच्या गोंड वस्तीतली बाई. पहाटे मोहफुलं वेचायला गेली होती. उजाडण्याआधी कोणी तिकडे फिरकू नये, असं वनखात्यानं बजावलं. पाळकांनी उपासना सकाळी आठवर नेली आणि मंडळीची चिटणीस म्हणून ती सूचना मीच वाचून दाखवली. घरी आल्यावर आईनं मला धारेवर धरलं.

"प्रभूच्या थडग्याकडे बायका पहाटेसच गेल्या होत्या."

"त्यांच्या रस्त्यात वाघ नव्हता, आई."

"थडग्यावर पहाऱ्याचे शिपाई तं होते."

माझा स्वभाव तिच्यावरच गेलाय. मी भांडी आपटत घासायला बसले.

ईस्टरला चांगलं ऊन पडल्यावर आम्ही कबरस्तानात गेलो. गेलेल्यांच्या नावांची यादी माझ्या हातात होती आणि आई गाल फुगवूनच होती. कुंपणापलीकडे मोहाखाली वस्तीतल्या बायका घोळक्यानं फुलं वेचत होत्या. वाघ जवळ येऊ नये म्हणून एकजण मधूनमधून डबा बडवत होती. त्यांच्यात वाघानं मारलेल्या बाईची बहीणही होती. आई बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तिच्या बहिणीचं नाव टाक यादीत."

"ती आपल्या मंडळीची नव्हती."

"वाघानं इचारलं होतं काय?"

मी जाऊन पाळकांना सांगितलं. ते स्वतः कुंपणापाशी गेले. "बाई, आम्ही गेलेल्यांची नावं घेऊन राह्यलो. तुमच्या बहिणीचं घेतलं तं चालन का?"

तिनं टोपली खाली ठेवली. "घ्या ना, भाऊ. आमचा देव कायले रागावते?"

पाळकांनी बाबांच्या नावानंतर तिच्या बहिणीचं नाव वाचलं. पलीकडे डबा थांबला होता आणि बायका उभ्या होत्या. मला माझ्या यादीच्या तोऱ्याची लाज वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं. आईचा चेहराही कितीतरी दिवसांनी सैल झाला होता.

सगळे पांगल्यावर तिनं बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावली. त्या उन्हात ज्योत काही दिसेना. विझली असं समजून मी पुन्हा काडी ओढायला गेले, तर आईनं माझा हात धरून मेणबत्तीवर नेला. चांगलाच चटका बसला.

"हाये नं?" ती म्हणाली, आणि पदर सावरून बाबांच्या शेजारी निवांत बसली.