मास्तरांच्या बाह्या

आमच्या गल्लीत शिंप्याचं दुकान एकच, आणि त्याला लागून माझं बटणं-दोऱ्यांचं. मधली भिंत इतकी पातळ, की मास्तरांचं मशीन सुरू झालं की माझ्या डब्यांतली बटणं थरथरतात. मास्तर हा माणूस बोलण्यात महाकंजूष. गिऱ्हाईक दहा वाक्यं बोललं तर हे एक "हं" देणार, तेही तोंडात टाचण्या धरून. पण कुणाचा खांदा उतरलेला असो, कुणाला पोक असो, यांनी शिवलेला कपडा अंगावर चढला की माणूस सरळ दिसलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्याच हट्टाने त्यांना गोत्यात आणलं.

लग्नानंतर नऊ वर्षांनी त्यांना मुलगी झाली. बाळ चांगलं वजनदार होतं. डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला. मग जी ओढाताण झाली तिच्यात मानेतून डाव्या हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा दवाखान्यात एवढंच सांगितलं, "होतं असं कधीकधी, येईल हात आपोआप." वर एक नर्स वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, म्हणाली, "तुम्ही नीट जोर लावला नाहीत ना!" वहिनींनी मला हे दोन वर्षांनी सांगितलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बिचाऱ्या मात्र ते वाक्य खरं मानून बसल्या होत्या.

हात थोडाफार आला. बोटं हलायची, मूठ वळायची. पण खांद्यातून वर जाईना, आणि वाढीतही तो उजव्याच्या मागे पडत गेला. पोरीला मी गुंडी म्हणते, कारण ती गोल आहे आणि हातातून सुटली की कुठेही घरंगळते. तर या गुंडीच्या प्रत्येक फ्रॉकची डावी बाही मास्तर आखूड बेतायचे. खांद्यात आतून कापडाची छोटी गादी, वर फुगा, कोपराशी चुण्या. बघणाऱ्याला वाटावं, बापाची हौस! घरातही त्या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. व्यायाम चालायचे, तेही 'खेळ' म्हणून.

गुंडी चार वर्षांची झाली तेव्हा हाडांचे डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करा, हात बराच वर जाईल, पण याच वर्षी करा. पुढे सांधा आखडेल. आणि नंतर कित्येक वर्षं व्यायाम. मास्तर "हं" म्हणाले आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसले. एवढा सगळा खर्च त्यांच्या आवाक्यातला नव्हताच. मग मीच दोघांना माझ्या ओळखीच्या एका वकीलबाईंकडे ओढत नेलं.

वकीलबाई सरळ बोलणारी. "आधी लेखी अर्ज करून प्रसूतीच्या सगळ्या कागदांची प्रत मागा," ती म्हणाली. "दाव्याला मुदत असते, ती टळली तर मी काहीही करू शकणार नाही. डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रार केलीत तर चौकशी होईल, पण पोरीच्या हातासाठी त्यातून काही मिळणार नाही. कोर्टात भरपाई मागता येईल. तिथे दुसऱ्या जाणकार डॉक्टरनं सांगावं लागेल, की नीट काळजी घेतली असती तर हे टळलं असतं. नुसती इजा झाली म्हणजे चूक झाली, असं कोर्ट मानत नाही. आणि त्याला वर्षं लागतात."

"आमच्याकडे एकच वर्ष आहे," वहिनी म्हणाल्या.

"मग मुदतीत दावा लावू, आणि त्यांची तयारी असेल तर मध्यस्थासमोर बसून तडजोडीचं बघू."

कागद आले. जाणकार डॉक्टरांनी ते वाचून लिहून दिलं, की खांदा अडकल्यावर ज्या पायऱ्यांनी बाळ सोडवायचं असतं त्यांची नोंदच नाही, नुसतं ओढल्याचं दिसतं. आता काम फत्ते, असं मला वाटलं. पण पहिल्याच बैठकीत दवाखान्याच्या वकिलांनी टेबलावर फोटो मांडले. फ्रॉक घातलेली, हसणारी गुंडी. मास्तरांनीच दुकानाच्या जाहिरातीसाठी टाकलेले!

"दोन्ही हात सारखे दिसताहेत," ते म्हणाले. "तुमचे तपासणीचे कागद सात-आठ महिन्यांपूर्वीचे. हे फोटो गेल्या महिन्यातले. मूल बरं झालंय."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. स्वतःच्या हातांनी पुरावा झाकून ठेवणारा असा शहाणा मी दुसरा पाहिला नाही. मध्यस्थ बाई म्हणाल्या, ताजी तपासणी करून आणा, आणि पुढच्या वेळी मुलीलाही आणा.

"तिला सरळ बेताचा फ्रॉक शिवा," मी बाहेर आल्यावर मास्तरांना म्हटलं. "दोन्ही बाह्या एका मापाच्या."

"ताई, हात दिसेल हो."

"दिसावा म्हणूनच सांगतेय!"

मी जरा जोरातच ओरडले. मग लाज वाटली, कारण त्यांचे डोळे भरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते कापड पुढ्यात घेऊन बसले. खडूने बाही आखायची आणि पुसायची, असं चाललं होतं. दुपारी वहिनी आल्या, त्यांनी कापड एका हाताने दाबून धरलं आणि म्हणाल्या, "कापा." तेव्हा कुठे कात्री चालली.

बैठकीच्या दिवशी आम्ही टेबलाच्या एका बाजूला, दवाखान्याचे वकील आणि डॉक्टरीणबाई दुसऱ्या बाजूला. ताजा अहवाल मध्यस्थ बाईंच्या हातात होता. गुंडीची डावी बाही खाली उतरून बोटं पार झाकून गेली होती. तिने ती झटकून पाहिली, उजव्या हाताने ओढून पाहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, तुमची बाही चुकली."



"बाही बरोबर आहे, बाळा," वहिनी म्हणाल्या. "तुझा हात लहान आहे. तू जन्मलीस तेव्हा तो दुखावला."

चार वर्षांत हे त्या घरात कुणी बोललं नव्हतं. गुंडीने हाताकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

"मग दुमडा ना!"

मास्तर खुर्चीतून उतरून तिच्यापुढे गुडघ्यावर बसले. एक दुमड घातली, मग दुसरी. बोटं बाहेर आली. समोरच्या वकिलांनी फोटो उचलून आपल्या फायलीत ठेवले, आणि दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी मान खाली घालून विचारलं, शस्त्रक्रियेची तारीख कधीची मिळतेय?

तडजोडीचे कागद व्हायला आणखी दोन बैठका लागल्या. शस्त्रक्रिया आणि गुंडी मोठी होईपर्यंतचे व्यायाम, सगळा खर्च दवाखान्याने पत्करला. पण त्या दिवशी आम्ही पायऱ्या उतरलो तेव्हा यातलं काहीच ठरलं नव्हतं. समोर रस्त्यावर गाड्यांची ही गर्दी. एरवी आम्ही सगळेच गुंडीचा उजवा हात धरायचो. वहिनी तिच्या डाव्या बाजूला गेल्या, त्या दुमडलेल्या बाहीतली बोटं हातात घेतली आणि तिला घेऊन रस्ता ओलांडला.