शेकडो मैल भायर

देवबागच्या धनेशची उमेदीची सगळी वर्षं तेलाच्या जहाजांवर गेली. तो पंपमन होता. कच्चं तेल जहाजात भरून घ्यायचं, मुक्कामाला पोचलं की पंप लावून उपसून द्यायचं, हे त्याचं काम. जहाज एवढं अजस्र की डेकच्या दुसऱ्या टोकाला जायला सायकल लागायची, आणि त्यावर माणसं वीस-बावीस. कामाला पांगली की कुणी कुणाला दिसत नसे. किती देश बघितलेस, असं गावात कुणी विचारलं की तो नुसता हसे. इतकं मोठं जहाज सहसा धक्क्याला लागत नाही. किनाऱ्यापासून लांब, समुद्रातच पाइप जोडतात. परक्या मुलखाचे त्याने दिवेच तेवढे पाहिले.

घरी बायको, सुगंधा, एकटीच. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी ती किनाऱ्यावर जाऊन बसायची आणि तुमच्या बोटीचे दिवे दिसले, असं फोनवर सांगायची. तो हूं म्हणायचा. त्या वेळी तोही डेकवर रेंगाळायचा. आपल्यासाठी कुणीतरी पाण्याकडे बघत बसलंय, एवढ्यावर त्याचे दिवस निघत.

एका सुट्टीत जेवताना तिनेच विचारलं, बोट जरा जवळून नेता येणार नाही का. त्याच्या तोंडून खरं निघून गेलं.

"आमची बोट हयसून दिसना नाय गो. शेकडो मैल भायरसून जाता."

"मगे मी बघी होतंय ती खंयची?"

"मच्छीवाल्यांची. ट्रॉलर असतले."

तिने त्याला भात वाढला. तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या खेपेला तो फोनवर सारखा विचारी, किनाऱ्यावर गेली होतीस का. ती काहीबाही सांगून टाळायची. शेवटी म्हणाली, "आता कित्याक जाऊ?"

त्यानंतर संध्याकाळी डेकवर रेंगाळणं त्याने सोडलं. काम संपलं की केबिनचं दार लावून पडून राही.

मग त्याची पाठ गेली आणि कंपनीने पुन्हा बोलावलं नाही. तो घरी आला, तोवर सुगंधाने दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली होती. ती त्याला वेळेवर चहा देते, पाहुण्यांच्या आधी जेवायला वाढते. वाईट कधी बोलत नाही.

परवा ती पडवीत कोळंबी सोलत होती. तो शेजारी बसला आणि पंपरूमचं सांगू लागला. कसं जिन्यांवरून खाली खाली उतरायचं, तेलाच्या वासाने कसं डोकं धरायचं. ती ऐकत होती. तेवढ्यात पाहुण्यांनी हाक मारली, ती हात धुऊन आत गेली. धनेश थोडा वेळ थांबला. मग ताट पुढे ओढून त्याने उरलेली कोळंबी सोलायला घेतली.